दरवाजा तेवीस इंचांचा, खुर्ची साडेचोवीसची : एका क्रूझ बुकिंगचं प्रकरण

काकांची व्हीलचेअर एका चाकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या चाकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत साडेचोवीस इंच भरली. मोजली त्यांच्या सुनेनं, शिवणाच्या टेपनं, २०२४ च्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी. फोटो काढून तिनं मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि खाली लिहिलं, ‘ताई, जहाजातल्या साध्या खोलीचा दरवाजा बावीस-तेवीस इंचांचा असतो असं वाचलं. आपली खोली कुठली आहे?’

आपली खोली साधीच होती. हे मला माहीत होतं, आणि तो मेसेज वाचेपर्यंत त्यात काही बिघडलंय असं मला वाटलं नव्हतं.

डोंबिवलीत माझं दोन टेबलांचं ट्रॅव्हल ऑफिस आहे. चारधाम, काश्मीर, दुबई, अधूनमधून युरोप आणि गेली काही वर्षं क्रूझ. क्रूझ विकताना गिऱ्हाईक एक प्रश्न जवळजवळ कधीच विचारत नाही: काही अडलं तर फोन कुणाला करायचा? विमानाचं तिकीट असेल तर लोक एअरलाइनला फोन लावतात, हॉटेल असेल तर रिसेप्शनला. जहाजाचं तसं नाही, आणि ते तसं का नाही हे मला या एका बुकिंगनं नीट शिकवलं. चूक माझीही होती, म्हणून हे प्रकरण मीच लिहिलेलं बरं.

कुटुंब सहा जणांचं. काका अठ्ठ्याहत्तरचे, काकू बहात्तरच्या, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. काका-काकूंच्या लग्नाला डिसेंबरात पन्नास वर्षं होत होती. नाताळच्या सुट्टीत सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ, वाटेत पेनांग आणि फुकेत, असा बेत जूनमध्ये ठरला. दोन खोल्या, दोन्ही समुद्राकडे खिडकीवाल्या, एकमेकींना लागून. विमान, व्हिसा, सिंगापुरातल्या दोन रात्री हे सगळं माझ्याकडे.

आता या धंद्याची आतली रचना सांगावी लागेल, कारण सगळा गुंता तिथेच आहे. परदेशी क्रूझ कंपनीचा भारतात बहुधा एक जनरल सेल्स एजंट असतो, म्हणजे तिच्या वतीनं इथली विक्री बघणारा. आम्ही त्याला जीएसए म्हणतो. त्याच्याखाली बी-टू-बीवाले, म्हणजे घाऊक दरानं खोल्या उचलून आमच्यासारख्या किरकोळ दुकानदारांना देणारे. मग आम्ही, आणि आमच्यानंतर गिऱ्हाईक. मी जीएसएकडे थेट बुकिंग करू शकत होते. तो मला सहा टक्के कमिशन देत होता. अंधेरीचा एक बी-टू-बीवाला आठ टक्के देत होता, कारण त्याची उलाढाल मोठी आणि त्याला वरून जास्त सुटत होतं. कमिशन बिलाच्या पूर्ण रकमेवर मिळत नाही. बंदराचे आकार, कर आणि भाड्यातलाच एक बिनकमिशनचा हिस्सा बाजूला काढून जे उरतं, तेवढ्यावरच मिळतं. या बुकिंगमध्ये ते उरलेलं भाडं १,९०,००० रुपये होतं. आठ टक्क्यांनी माझे १५,२०० झाले. त्यातले ५,००० मी काकांना सूट म्हणून दिले, कारण शेजारच्या इमारतीतले आहेत आणि दरवर्षी येतात. हातात राहिले १०,२००. जीएसएकडे गेले असते तर मला ३,८०० रुपये कमी मिळाले असते, एवढाच फरक.

त्या ३,८०० रुपयांसाठी मी माझ्या आणि जहाजाच्या मध्ये आणखी एक माणूस आणून बसवला.

गणपतीत काका ओल्या फरशीवर घसरले. खुब्याचं ऑपरेशन झालं. दहा-बारा दिवसांनी मुलाचा फोन आला, “ताई, जायचं नक्की आहे, डॉक्टरही हो म्हणालेत. घरात वॉकरनं चालतात, लांब जायचं तर व्हीलचेअर लागेल. जमेल ना?” मी म्हणाले, “हो, जमेल की.” या धंद्यात हे वाक्य इतक्या सवयीनं तोंडातून निघतं की ते आपणच बोललो हे आपल्याही लक्षात राहत नाही. फोन ठेवला आणि अंधेरीला एका ओळीची मेल टाकली: एका प्रवाशासाठी व्हीलचेअर हवी आहे. दुसऱ्या दिवशी ‘नोंद केली’ असं उत्तर आलं. पैसे पूर्ण भरायची तारीख ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली होती, ते वेळेवर भरले. माझ्या फाइलीवर त्या ओळीपुढे हिरवी खूण झाली.

अंधेरीच्या मुलानं माझ्या मेलचा अर्थ लावला तो असा: बंदरावर चेक-इनपासून जहाजात शिरेपर्यंत ढकलत न्यायला खुर्ची आणि माणूस हवा. त्यानं तशी विनंती टाकली आणि ती मंजूरही झाली. तो चुकला असं मी म्हणणार नाही. ‘व्हीलचेअर हवी’ या शब्दांचा विमानतळावर तोच अर्थ होतो. जहाजात मात्र प्रश्न चार रात्री राहायचा असतो. साध्या खोलीचा दरवाजा अरुंद, आत पलंगाच्या बाजूनं खुर्ची वळत नाही आणि न्हाणीघराला उंबरठा. काकांना तो उंबरठाच नको होता. व्हीलचेअरवाल्यांसाठी वेगळ्या खोल्या असतात. त्यांचा दरवाजा साधारण बत्तीस इंचांचा, उंबरठा नाही, शॉवरखाली बसायची सोय, धरायला दांडे. प्रत्येक जहाजावर त्या मोजक्याच असतात आणि लवकर संपतात. खोली बदलायची, तर ती पैसे पूर्ण भरायच्या आधी. सप्टेंबरात हे अगदी सोपं होतं.

टेपचा फोटो आला त्या रविवारी ऑफिस बंद होतं. मुलगा थांबला नाही, त्यानं क्रूझ कंपनीच्या भारतातल्या नंबरवर थेट फोन लावला. पंचवीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एका मुलीनं अदबीनं बुकिंग नंबर विचारला, नावं जुळवली आणि सांगितलं की हे बुकिंग ट्रॅव्हल पार्टनरमार्फत झालंय, त्यात कुठलाही बदल तेच करू शकतील. मुलगा म्हणाला, पैसे माझे, वडील माझे, जहाज तुमचं, मग पार्टनर मध्ये कुठून आला? तिनं तेच वाक्य पुन्हा तितक्याच अदबीनं म्हटलं. मग त्यानं विचारलं, निदान मी किती पैसे भरलेत ते तरी सांगा. तेही ती सांगू शकली नाही.

सोमवारी सकाळी शटर वर करते तोच मुलगा आत. “ताई, ते म्हणतात तुमच्याशी बोला, आणि तुम्ही काल फोन उचलला नाहीत. मग आम्ही बोलायचं कुणाशी?”

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, कॉल सेंटरनं झटकून टाकलं. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. पण त्या मुलीच्या स्क्रीनवर त्या बुकिंगपुढे एजन्सीचं नाव असतं, आणि एजन्सीच्या नावावरचं बुकिंग बदलायचा अधिकार तिला दिलेला नसतो. कंपनीच्या हिशेबात तिचं गिऱ्हाईक अंधेरीचा तो बी-टू-बीवाला, कारण पैसे त्याच्या खात्यातून आले. मी काकांना काय बिल लावलं, सूट किती दिली, विमान आणि व्हिसा धरून आकडा किती झाला, यातलं कंपनीला काहीच दिसत नाही. तिनं तिच्याकडचा आकडा सांगितला असता तर तो माझ्या बिलाशी जुळलाच नसता आणि नवीन भांडण उभं राहिलं असतं. शिवाय कंपनीनं गिऱ्हाइकाशी थेट व्यवहार सुरू केला की आम्ही एजंटच पहिले ओरडतो, ‘आमचं बुकिंग पळवलं.’ ही भिंत आम्हीच मागून घेतलेली आहे. मग तिच्या अलीकडे उभं राहायचं काम आमचंच.

आणि मी ते केलं नव्हतं. मुलाला वाटत होतं, बुकिंगवर माझं नाव आहे. ते तर अंधेरीवाल्याचं होतं. म्हणजे कंपनी ज्याला ‘तुमचा एजंट’ म्हणत होती तो मी नव्हतेच. मी जीएसएला फोन केला तर तेही म्हणाले, “मॅडम, ज्यांनी बुक केलंय त्यांच्याकडून येऊ द्या.” मुलाला रविवारी जे उत्तर मिळालं, तेच मला सोमवारी मिळालं. अंधेरीत क्रूझ बघणारा एकच मुलगा, तो गावी गेलेला. बुधवारी परत आला. त्यानं जीएसएला लिहिलं, जीएसएनं सिंगापूरला. शुक्रवारी उत्तर आलं: व्हीलचेअरची खिडकीवाली खोली शिल्लक नाही. बाल्कनीवाली एक आहे, पण फरक ४६,००० रुपये. सध्याची खोली रद्द केली तर त्यावर दंड वेगळा.

या आठवड्यात सगळ्यात कामाचं काही केलं असेल तर ते सुनेनं. कंपनीच्या संकेतस्थळावर विशेष गरजांचा एक फॉर्म तिनं शोधून काढला. दरवाज्याची रुंदी किती हवी, खुर्ची घडीची की बॅटरीची, बॅटरी असेल तर कुठल्या प्रकारची, उभं राहता येतं का, दोन पायऱ्या चढता येतात का, असे प्रश्न. हा फॉर्म प्रवासी स्वतः भरू शकतो, आणि तो ज्या विभागाकडे जातो तो प्रवाशाशी थेट बोलतो. सहा महिने बुकिंग माझ्या हाताखाली होतं आणि हा फॉर्म मी एकदाही उघडला नव्हता. तिनं तो भरला, त्या विभागानं काकांचं नाव प्रतीक्षायादीत घातलं आणि दहाव्या दिवशी कुणीतरी रद्द केलेली खिडकीवाली मोठी खोली त्यांच्यासाठी राखली. पण राखली एवढंच. बुकिंगमध्ये ती बदलायची म्हटल्यावर पुन्हा सिंगापूर, जीएसए, अंधेरी, डोंबिवली अशीच उतरंड. राखून ठेवायची मुदत ४८ तासांची. त्या दोन दिवसांत मी अंधेरीला किती फोन केले ते मोजले नाहीत, पण तिथला मुलगा शेवटी “हां ताई, बोला” एवढंच म्हणायचा.

दंड माफ झाला. दरातला फरक मात्र राहिला, १४,५०० रुपये. अंधेरीवाल्यानं हात वर केले, त्याच्याकडे माझी एका ओळीची मेल होती. मी माझे १०,२०० घातले. उरलेले ४,३०० मुलानं भरले. मी नको म्हणत होते, तो म्हणाला, “ताई, खोली मोठी मिळाली ना.” ते चांगुलपणानं म्हटलं हे मला कळतं. कायद्यानं बघितलं तर तेही त्यानं द्यायला नको होते.

कायद्याचं म्हणाल तर तो आमच्या पावतीमागच्या बारीक अक्षरांइतका आमच्या बाजूचा नाही. ‘आम्ही फक्त मध्यस्थ आहोत, कुठल्याही सेवेची जबाबदारी आमची नाही’ हे वाक्य प्रत्येक ऑफिसच्या बिलामागे असतं. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २३० काही अंशी ते उचलून धरतं: धन्याच्या, म्हणजे ज्याच्यासाठी एजंट काम करतो त्याच्या, वतीनं केलेल्या कराराला एजंट स्वतः बांधील नसतो. पण त्याच कलमात पुढे म्हटलंय की एजंटानं धन्याचं नाव उघड केलं नसेल, किंवा धन्यावर दावाच लावता येत नसेल, तर एजंट बांधील असल्याचं गृहीत धरावं. आणि जहाज बुडालं, वादळ आलं तर मी मध्यस्थ असेन, पण निरोप अर्धवट पोचवला हे माझ्या स्वतःच्या सेवेतलंच न्यून, त्याला धनी कुठला? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करू शकतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात फी नाही. काकांना ठाण्याची लोकल पकडली की झालं असतं. क्रूझ कंपनीच्या तिकिटावर मात्र बहुतेक वेळा कुठल्यातरी परदेशी शहराचं न्यायालय छापलेलं असतं. ते छापील वाक्य किती जड असतं याचा १९९१ चा एक निकाल प्रसिद्ध आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या एका जोडप्यानं गावातल्या एजंटाकडून कार्निव्हलच्या जहाजाची तिकिटं घेतली. एजंटानं पैसे पुढे पाठवले, तिकिटं नंतर घरी आली, आणि वाद फ्लोरिडातच चालवायचा हे त्या तिकिटांवर छापलेलं होतं. पुढे बाई जहाजावर घसरून पडल्या. नवरा-बायकोनं आपल्या राज्यात दावा लावला आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, फ्लोरिडाला जा. डोंबिवलीच्या माणसाला परदेशातलं न्यायालय परवडत नाही, तेव्हा तो माझ्याच दारात येणार, आणि यावंही त्यानं. मुंबईहून जहाज चालवणारी जलेश क्रूझेस २०२० मध्ये बंद पडली, तिचं ‘कर्णिका’ अलंगला भंगारात गेलं. कंपनीच उरली नाही की एजंटाचं शटर तेवढं ओळखीचं राहतं.

प्रवास झाला. सिंगापूरच्या मरीना बे टर्मिनलवर खुर्ची आणि माणूस हजर होता, माझ्या त्या अर्धवट मेलनं एवढं तरी केलं. खोलीचा फोटो आला: मोठ्या खिडकीपाशी काका, मांडीवर शाल, मागे करडा समुद्र.

पुढच्या दोन गोष्टी त्याच जहाजावरच्या, पण एकमेकींच्या उलट.

दुसऱ्या रात्री साडेदहाला मुलाचा मेसेज: ‘ताई, खात्यावर दोन कॉफ्या जास्त लागल्यात, आम्ही घेतल्या नाहीत.’ मी लिहिलं, जहाजावरच्या गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जा, आत्ता जा, शेवटच्या रात्री तिथे भली मोठी रांग असते. दहा मिनिटांत कॉफ्या वजा झाल्या. जहाजावरचं खातं मला दिसतही नाही. खोलीचा एसी, जेवणाची वेळ, हरवलेलं कार्ड, नातवाच्या पोटात दुखतंय म्हणून डॉक्टर, हे सगळं जहाजाचं. तिथे ते गिऱ्हाइकाला ‘एजंटाशी बोला’ म्हणत नाहीत.

तिसऱ्या दिवशी फुकेत. जहाज धक्क्याला लागलं नाही. किनाऱ्यापासून दूर नांगर टाकून लोकांना लहान बोटींतून नेत होते. चाकाच्या खुर्चीला त्या बोटीत घेता येणार नाही असं दारातच सांगितलं, लाट होती आणि काकांना दोन पावलं स्वतः टाकता येत नव्हती. काका म्हणाले, तुम्ही जा. काकू गेल्या नाहीत. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा तो नेमका दिवस दोघांनी डेकवर बसून काढला. फुकेतच्या किनाऱ्यावरच्या सहलीचे पैसे मुलानं कंपनीच्या ॲपवरून स्वतःच्या कार्डानं भरले होते, ते काका-काकूंपुरते दोन दिवसांत त्याच कार्डावर परत आले. माझ्यामार्फत घेतलेली सहल असती तर तेच पैसे सिंगापूर, मुंबई, अंधेरी करत, डॉलरचा दर बदलत, संक्रांतीनंतर कधीतरी पोचले असते.

फुकेतला बोटीनं उतरावं लागतं आणि खुर्चीवरच्या प्रवाशांना ते जमेलच असं नाही, हे आधी कळायला नको का? परत आल्यावर मुलानं हे विचारलं, आवाज न चढवता. मी अंधेरीला विचारलं. तिथल्या मुलानं शोधलं आणि खरंच मेल सापडली, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली, कंपनीनं काकांच्याच नावे पाठवलेली. बुकिंग करताना प्रवाशाच्या ईमेलच्या रकान्यात त्यानं स्वतःच्या ऑफिसचा पत्ता घातला होता. आम्ही सगळेच घालतो. गिऱ्हाइकाचा पत्ता कंपनीला दिला तर पुढच्या वर्षी कंपनी त्याला थेट ऑफर पाठवेल ही भीती. सुनेचा फॉर्म तिच्या पत्त्यावरून गेला होता म्हणून त्याची उत्तरं तिला आली. बाकी सगळं त्या एका रकान्यात अडकून पडलं.

आता मी क्रूझ घेते ती थेट जीएसएकडून, सहा टक्क्यांवर. ईमेलच्या रकान्यात गिऱ्हाइकाचा पत्ता घालते, माझा दुसरा म्हणून. पावतीवर कंपनीचं नाव, बुकिंग कुणाच्या नावावर आहे आणि रविवारी उचलला जाईल असा एक नंबर. धंद्यातल्या एका मैत्रिणीनं हे बघून डोक्याला हात लावला. “अगं, गिऱ्हाईक सोडून जाईल.” जाईलही. काका अजून गेलेले नाहीत. ऑगस्टमध्ये मुलाचा फोन आला तो टीसीएससाठी, म्हणजे बिलाबरोबर गिऱ्हाइकाकडून घेऊन आम्ही सरकारकडे भरतो त्या करासाठी. त्या वर्षी परदेशी पॅकेजवर सात लाखांपर्यंत पाच टक्के घ्यावे लागत होते, आणि बिल काकांच्या नावे असल्यानं ते त्यांच्या पॅनवर जमा झाले होते. तो आपल्या फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे स्वतःच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या तक्त्यात, शोधत बसला होता. हा प्रश्न जगातली कुठलीच क्रूझ कंपनी सोडवू शकत नाही, तो डोंबिवलीतच सुटतो.

प्रवासानंतर तीन आठवड्यांनी कंपनीची आणखी एक मेल आली होती, ‘आपला प्रवास कसा झाला?’ पत्ता तोच जुना, म्हणून ती आधी अंधेरीला गेली, तिथून माझ्याकडे आली, मी मुलाला पाठवली. काकांनी नातवाला जवळ बसवून एकेक प्रश्न वाचून घेतला आणि सगळा फॉर्म भरला. दहापैकी नऊ दिले. एक गुण, ते म्हणाले, फुकेतचा कापला, आणि तो जहाजाचा नाही, ताईंचा आहे, पण फॉर्ममध्ये ताईंसाठी रकानाच नव्हता.